अर्धेमामा आणि आमचा जाम वाल

अर्धेमामा कानाने पाणी बघायचे. हातभर लांबीची एक लोखंडी सळई कायम त्यांच्याजवळ असायची. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटून मान जराशी वाकडी करायची. थोड्या वेळाने डोळे उघडून सांगायचे, "पानी निघालंय टाकीतनं. पाच मिंटात हितं." नाहीतर, "गुर्जींनी नळ उघडा टाकलाय अन् चहा पीत बसलेत." पहिलं तर खरं व्हायचंच, आणि दुसऱ्याची खात्री करायला आम्ही गेलो की गल्लीतले गुरुजी हातात बशी घेऊन दारात यायचे. सळईतून चहाचाही आवाज येतो की काय, असं मी एकदा त्यांना विचारलं. "न्हाई साहेब," ते म्हणाले, "गुर्जी या टायमाला चहाच पितेत."

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. ते पाणीपट्टीच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं. गल्ली त्यांना अर्धेमामा म्हणायची, कारण कुणी कुठलाही वाल उघडू लागलं की लांबून त्यांची हाक यायची, "अर्धा फेरा मागं!" वाल पुरा उघडला की चाक अर्धा फेरा उलटं फिरवून ठेवायचं, म्हणजे दांडा अडकत नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम. पाणीपुरवठ्यात वाल उघडायची नि बंद करायची नोकरी त्यांनी तीस वर्षं केली होती. नळाला वाल, गल्लीला वाल, टाकीला वाल. माणसं त्यांना तोंडावरून ओळखू यायची नाहीत, वालावरून यायची. मी दिसलो की "जयभीम साहेब" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "वाल कसाय?" बायको कशी आहे, मुलं कशी आहेत, हे त्यानंतर.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहीन लिहीन म्हणतो आहे. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी लिहावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं.

मी मूळचा नायगावकडचा. नांदेडच्या कचेरीत ट्रेसर होतो. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेरीला माणसं हवी होती, त्यात माझी बदली तिकडे झाली. नवा जिल्हा झाल्याने आपलं नेमकं काय झालं हे लोकांना अजून उमगायचं होतं, पण नकाशा सगळ्यांनाच लागत होता. तो काळ्या शाईने, बारीक निबाने मी काढत होतो. म्हणजे वरिष्ठांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून गिरवत होतो. पण गल्लीत सांगताना "जिल्हा मीच काढला" असं सांगायचो. त्यामुळे मला सगळे साहेब म्हणू लागले. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं. "म्हंजे आमचं शिरूर तुमीच हिकडं घेतलं व्हय?" ते शिरूर अनंतपाळकडचे होते. मी मान डोलावली. "लई बरं केलं," ते म्हणाले. "रेघ वडतानी थोडं पानी बी आत घ्यायचं की."

पाणी मात्र रेघेच्या आत आलं नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. विहिरींच्या तळाचे दगड दिसत होते. आमच्या नव्या वस्तीत नळाला आठ दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी, पाऊण तास पाणी यायचं. गल्लीत बारा घरं. रस्त्याला लागून सखल जागेत पहिलं घर आमचं, मी भाड्याने राहत होतो. पुढे गल्ली चढत जायची आणि टेकाडावरचं शेवटचं, बारावं घर मामांचं, दोन खोल्यांचं, निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं. प्रत्येक घरापुढे एक लहानसा खड्डा, त्यात वाल आणि वर लोखंडी झाकण.

पाणी उतार बघतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात ते प्रत्यक्ष बघितलं. सगळे एकदम वाल उघडायचे. आमचा हौद भरून वाहायचा आणि मामांच्या नळातून हवेचा फुसफुस आवाज यायचा. तेव्हा मामांनी गुरुजींच्या ओट्यावर बैठक घेतली आणि पाळी लावून दिली, ती उलटी. रविवारी सगळ्यांनी आपापले वाल घट्ट बंद ठेवायचे. आधी बाराव्या घराने उघडायचा. तीन-चार मिनिटांत भरून घ्यायचं, वाल बंद करायचा आणि ताट वाजवायचं. मग अकराव्याने. असं उतरत उतरत शेवटी पहिल्या घराने. खालचे सगळे वाल बंद असले की पाणी आपोआप टेकाडावर चढतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणीतरी कुरकुरलं की जवळच्याला आधी मिळायला पाहिजे. मामा म्हणाले, "जवळच्याला कसं बी मिळतंय. लांबच्याला आनावं लागतंय."

सगळ्यांत जोरात मान मी डोलावली होती. मी नकाशे काढणारा शिकलेला माणूस, मला हे पटायलाच पाहिजे होतं. पटलंही होतं. फक्त विश्वास बसला नव्हता. दर रविवारी मी दाराशी उभा राहून ताटं मोजायचो. चौथं वाजलं, पाचवं वाजलं, की मी वालाच्या झाकणाकडे बघायला लागायचो. अकरावं ताट वाजायच्या आधी पाणी गेलं तर? ते कधीच गेलं नाही. उलट वरच्यांचे वाल बंद झाले की पाइपात उरलेलं सगळं पाणी उतरून आमच्याकडेच यायचं, आणि खरं तर सगळ्यांत जास्त आम्हालाच मिळायचं. पण हे मला नंतर कळलं. अक्कल मला नेहमी पाणी गेल्यावर येते.

दोन-तीन रविवार मी पाळीच्या आधी वाल चोरून थोडासा उघडला. अगदी थोडासा, पाव फेरा. हौदात बोटभर धार पडायची, आवाजही होत नसे. याला चोरी म्हणत नाहीत, अशी मी माझी समजूत घातली होती. मग मी बाजारातून पत्र्याचं नवं पिंप आणलं. दोनशे लिटरचं, निळा रंग दिलेलं. नवं पिंप रिकामं बघवत नाही. ते एकदा काठोकाठ भरलेलं बघायचं, या एका इच्छेपायी मी त्या शनिवारी मामांकडे गेलो आणि त्यांचा पाइप पाना मागून आणला. सायकलचं काम आहे म्हणालो. सायकलीला पाइप पाना कशाला लागतो, हे मामांनी विचारलं नाही. पुसून दिला.

रविवारी पाणी आलं. वर बाराव्या घराची पाळी चालू होती. मी झाकण काढलं, आणि हाताने जेवढं फिरलं तेवढं चाक फिरवलं. मग पाना लावून आणखी फिरवलं. पुरता उघडल्यावर वर एक हिसका दिला, म्हणजे उघडायचं काही राहिलं असेल तर राहू नये. अर्धा फेरा मागे घ्यायचं मला आठवलंसुद्धा नाही. पिंप भरू लागलं. भरताना त्याचा आवाज कसा बदलत जातो ते मी आनंदाने ऐकत उभा होतो.

आतून बायकोने विचारलं, "आपली पाळी आली? ताट नाही ऐकू आलं."

"वाजलं की. तू भांडी घासत होतीस."

पिंप भरलं, हौद भरला. आता बंद करावं म्हणून चाकाला हात घातला, तर चाक हलेना. पाना लावला, तरी हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळलो, तरी ते जागचं हललं नाही. वाल सताड उघडा अडकला होता. हौद काठावरून वाहू लागला, पाणी अळूच्या वाफ्यात गेलं, तिथून न्हाणीच्या मोरीत. आणि वरून एकही ताट वाजत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गल्ली चिडीचूप.

अशा वेळी शहाण्या माणसाने धावत जाऊन मामांना बोलवावं. मी काय केलं? पाना तसाच खड्ड्यात टाकला, वर झाकण ठेवलं आणि त्या झाकणावर वर्तमानपत्र घेऊन बसलो. बुडाखालून अख्ख्या गल्लीचं पाणी खळाळत चाललेलं मला कळत होतं आणि मी बाजारभाव वाचत होतो.

थोड्या वेळाने मामा टेकाडावरून उतरताना दिसले. हातात सळई. प्रत्येक घरापुढे थांबायचे, वाकायचे, ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढे यायचे. दहा घरांना त्यांनी असं ऐकलं. मी तुरीच्या भावापर्यंत आलो होतो, तो मी चार वेळा वाचला. ते आमच्या दारात आले.

"साहेब, उठता का जरा? वाल ऐकायचाय."

"इथलं मी बघितलंय मामा. बंद आहे."

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या मांडीशेजारी झाकणाचा चार बोटं कोपरा मोकळा होता, तिथे त्यांनी सळई टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. डोळे मिटले. आम्ही दोघं तसे बराच वेळ होतो, मी बसलेला आणि ते माझ्यावर वाकलेले. मग त्यांनी डोळे उघडले. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उठा झाकनावरनं," ते म्हणाले.

झाकण काढल्याबरोबर त्यांना त्यांचाच पाना दिसला. तो त्यांनी उचलला, खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि बाजूला ठेवला. "ह्येचं काम न्हाई हितं. वैनी, वाटीभर राकेल आना."

बायकोने रॉकेल आणलं. मामांनी ते थेंब थेंब दांड्यावर सोडलं. एक गुळगुळीत दगड घेऊन वालाच्या अंगावर चारी बाजूंनी हलक्या हाताने ठोकलं. मग मांडी घालून बसून राहिले. इकडे पाणी वाहतंच होतं. मला राहवेना. "मामा, जोर लावू का मी?"

"जोर लावूनच तर हितपातुर आलाव."

त्यांनी चाकावर दोन्ही हात ठेवले आणि अगदी इतकंसं पुढे, इतकंसं मागे, असं करायला लागले. बघणाऱ्याला वाटावं, नुसते हात ठेवून बसलेत. "जाम वाल बंद करायचा नसतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आदी हलवायचा. राईभर पुढं, राईभर मागं. त्येला वाटलं पायजे की आपुनच हललो." पुन्हा रॉकेल, पुन्हा दगड. पंधरा मिनिटं गेली असतील. मग आतून कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि चाक फिरायला लागलं. मामांनी वाल बंद केला, पण तोवर पाऊण तास सरला होता. त्याच वेळी वर टेकाडावरून त्यांच्या मुलीची, सुमनची हाक आली.

"आबा, पानी गेलं!"

सुमन बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात अकरा दिवसांचं बाळ होतं. हे मला माहीत होतं. बारशाचं बोलावणंसुद्धा मला आलेलं होतं.

तोवर गल्ली जमली होती. त्या रविवारी एकाही घरात घागरभर पाणी आलं नव्हतं, आणि आमच्या अळूच्या वाफ्यात तळं झालं होतं. गुरुजी पुढे झाले आणि मला विचारलं, "काय हो, हे झालं कसं?" माझा घसा कोरडा पडला. अख्ख्या गल्लीत तेवढा माझाच घसा पाण्याअभावी नव्हे तर दुसऱ्या कारणाने कोरडा होता.

मामा हात पुसत उठले. "वाल जुना हाय गुर्जी. आपूआप सरकला अन् जाम झाला. साहेबाच्यानं बंद व्हईना. मग काय करतेत बिचारे, झाकनावर बसून ऱ्हायले दाबून."

एक क्षण कुणाला कळलं नाही, आणि मग सगळी गल्ली हसली. साहेबांनी झाकणावर बसून पाणी थांबवायचा प्रयत्न केला! हसता हसता गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चोर ठरायचा तो मी त्या दिवशी मूर्ख ठरलो, आणि इतक्या स्वस्तात सुटलो. फक्त बायको हसली नाही. माणसं पांगल्यावर ती म्हणाली, "ताट वाजलं होतं म्हणालात." मग तिने दोन घागरी माझ्यापुढे ठेवल्या. "उचला."

निळं पिंप मी घागरीने रिकामं केलं. आधी बाराव्या घरी, मग अकराव्या, मग दहाव्या. कचेरीत घालायच्या इस्त्रीच्या पँटमध्ये, डोक्यावर घागर घेऊन, ते टेकाड मी किती वेळा चढलो ते मला सांगता येणार नाही. लोक म्हणाले, साहेब मनाने फार मोठे. बायको खाली पिंपाशी उभी राहून घागरी भरून देत होती आणि हे ऐकत होती.

मामांच्या घरी पहिली घागर रांजणात ओतली तेव्हा मला धाप लागली होती. आत बाळ रडत होतं. मी उंबऱ्यावरच टेकलो. मामांनी तांब्या भरून पुढे केला. "घ्या. तुमचंच हाय." मी प्यायलो. मग ते आपण होऊन बोलले. तेवढं एकदाच, पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

"आमच्या गावात हिरीवर आमाला चढू देत नव्हते साहेब. माय घागर घेऊन खाली बसायची. वरनं कुनी वाडलं तर घ्यायचं. कदी कदी दुपार व्हायची, कुनी वाडायचंच न्हाई. मी संगं असायचो. मला पान्याचा आवाज यायचा, दिसायचं न्हाई." त्यांनी रांजणावर झाकण ठेवलं. "म्हनून म्हनलं, आता वाल आपल्या हातात आलाय, तर पाळी शेवटाकडनं लावावी."

मी फक्त "हो का" म्हणालो. आमच्याही गावात तशी विहीर होती. आमचं घर शेतकऱ्याचं, आम्ही विहिरीच्या वरच्या अंगाला. माझे आजोबा खाली बसलेल्यांच्या घागरीत पाणी ओतायचे, मनात असेल तेव्हा. हे मी लहानपणी पाहिलेलं होतं आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या उंबऱ्यावर मला माझी लाज वाटली, आणि आजोबांचीही. पण "वाल मीच उघडला" हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. तिथे मला जोरही लावता आला नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीने पाणी कमिटी नेमली आणि तिचा अध्यक्ष मला केलं. ज्याने आपलं नवं पिंप गल्लीसाठी रिकामं केलं, त्याच्याइतका लायक माणूस कोण? मी नाही नाही म्हणालो, पण माझं नाही म्हणणं जरा कमी पडलं. कचेरीतल्या काळ्या शाईने मी पाळीचा सुबक तक्ता काढला, बारावं घर सगळ्यांत वर, आणि गुरुजींच्या ओट्यावर पाण्याच्या समान वाटपावर वीस मिनिटं भाषण केलं. मामा मागे भिंतीला टेकून बसले होते. उठताना माझ्याजवळ आले. "भाषन चांगलं झालं," ते म्हणाले. "जरा अर्धा फेरा मागं घ्यायला पायजे हुतं."

त्यानंतर मी लातूरला सात वर्षं राहिलो. या सात वर्षांत कमीत कमी दहा वेळा तरी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी मामांकडे गेलो असेन. एकदा पेढे घेऊन गेलो, तर त्यांना वाटलं बढती झाली, आणि त्यांनी ते गल्लीत वाटले. एकदा आंबेडकर जयंतीला गेलो. मामा पांढरेशुभ्र कपडे घालून दारात उभे होते, घर माणसांनी भरलेलं. त्या दिवशी हे कसं सांगणार? एकदा तर "मामा, त्या दिवशी तो वाल..." इथपर्यंत आलो. ते म्हणाले, "हाव, कसाय वाल? यवस्थित फिरतोय न्हवं?" मी म्हणालो, फिरतोय. तो खरंच व्यवस्थित फिरत होता. दर महिन्याला मी त्याला रॉकेलचे दोन थेंब द्यायचो आणि उघडला की अर्धा फेरा मागे घ्यायचो. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत काढायचो.

नांदेडला बदली झाली तेव्हा सामानाचा ट्रक दारात उभा होता. मामा आले. आधी खड्ड्याचं झाकण काढून वालाचं चाक फिरवून बघितलं, मग माझ्याकडे वळले. "नव्या भाडेकरूला सांगून ठिवलंय म्या," म्हणाले, "पाळी शेवटाकडनं." बायको त्यांच्या पाया पडली. मी हात जोडले आणि ट्रकमध्ये चढलो.

यानंतर बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झालो, नांदेडला घर बांधलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघरातला मोठा वाल जाम झाला. मुलाने प्लंबर आणला. त्याने टॉर्चने बघितलं आणि सांगितलं, हलणार नाही, कापून नवा टाकावा लागेल. मी म्हणालो, दोन दिवस थांब. घरातल्यांना वाटलं म्हाताऱ्याला रिकामपणाचा खेळ सापडला. मी पाट घेऊन वालाशी बसलो. रॉकेल आता मिळत नाही, मुलाच्या मोटरसायकलचं तेल घेतलं. ठोकलं, थांबलो, राईभर पुढे, राईभर मागे. पहिल्या दिवशी काही झालं नाही. सून म्हणाली, "बाबा, अहो जोर तरी लावा." दुसऱ्या दिवशी दुपारी कट्‌ झालं. मी वाल बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला, आणि अर्धा फेरा मागे घेतला. आयुष्यात हाताने केलेली ती माझी पहिली यशस्वी दुरुस्ती. उठून मुलांना ओरडून सांगावं म्हटलं, तर उठताच येईना. तिथेच पाटावर बसून राहिलो.

बायको दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "लातूरला जाऊन येऊ का?"

"पिशवी भरते," ती म्हणाली. कशाला, हे तिने विचारलं नाही.

गल्ली आता सिमेंटची झाली आहे. घरांवर काळ्या टाक्या आहेत. टेकाडावरच्या घरावर माडी चढली आहे, पण ओटा तोच. मामा ओट्यावर खुर्चीत होते, अंगाने अगदी वाळलेले. सळई भिंतीला टेकवून ठेवलेली. सुमनने आम्हाला ओळखलं. तिचे स्वतःचे केस पांढरे झाले होते. म्हणाली, "आबाला आता ऐकू कमी येतंय. जरा जोरात बोला."

मी ओट्याच्या काठावर त्यांच्या पायाशी बसलो. "जयभीम मामा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "साहेब! वाल कसाय?"

इतक्या वर्षांत मी वाक्य घडवून ठेवलं होतं. त्यात परिस्थिती, मोह, पश्चात्ताप असे शब्द होते. त्यातला एकही वेळेला सापडला नाही. मी हळूच म्हणालो, "मामा, त्या रविवारी वाल आपोआप उघडला नव्हता. मी उघडला होता."

"आं?" त्यांनी कानामागे हात धरला.

"वाल मी उघडला होता!"

"कोन?"

"मी! मी!" मी ओरडलो. "पाळी नसताना! चोरून! तुमच्याच पान्याने! आणि मग झाकणावर बसलो!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. गुरुजी कधीच गेले, पण त्यांचा मुलगा दारात आला. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आतून एक तिशी उलटलेली मुलगी पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर येत होती, ती तशीच उभी राहिली. सुमनची लेक. दवाखान्यात नर्स आहे, नुकती ड्युटीवरून आलेली. तिने विचारलं, "आई, हे तेच का? मी अकरा दिवसांची होते तवाचं?" सुमनने मान हलवली. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तिने पेला पुढे केला. "काका, पानी घ्या आधी. लई वरडलाव."

मी घाईघाईने प्यायलो, थोडं पाणी शर्टावर सांडलं. मामा डोळे मिटून बसले होते, मान जराशी वाकडी. मला वाटलं, यांना अजूनही ऐकू गेलेलं नाही, पुन्हा ओरडावं लागणार. मी पेला खाली ठेवला आणि दम घेतला.

मामांनी डोळे उघडले.

"पैल्या खेपंलाच ऐकू आलतं मला," ते म्हणाले. "म्हनलं, गल्लीला बी ऐकू द्यावं." आणि त्यांनी वाळका हात माझ्या खांद्यावर ठेवला. "झालं न्हवं? उठा आता झाकनावरनं."